विलासच्या बोअरचं जड पाणी

विलासच्या मुलीचा, रेवाचा फोन आला तेव्हा मी दुकानाच्या पार्किंगमध्ये उभा राहून गाडीच्या डिकीत मिठाच्या पिशव्या ठेवत होतो. चाळीस चाळीस पौंडांच्या दोन. हे खाण्याचं मीठ नव्हे. घरातलं जड पाणी हलकं करणारं जे यंत्र असतं, इकडे सगळे ज्याला सॉफ्टनर म्हणतात, त्याच्या टाकीत ओतायचे हे जाडे पांढरे खडे. विलासला वजन उचलणं जमेनासं झालं तेव्हापासून, म्हणजे गेली तीन वर्षं, त्याच्या घरी हे मीठ मीच नेऊन टाकत असे. "काका," रेवा म्हणाली, "बाबा गेले. जस्ट नाऊ. आई त्यांच्याजवळ बसलीय." मग म्हणाली, "यू वर कमिंग एनीवे, राइट?" मी हो म्हणालो. त्यांच्या घरी पोचलो तर बाहेर बर्फ वितळून ड्राइव्हवेवर चिखल झालेला, दार उघडंच. आधी काय करावं हे मला सुचेना. मी डिकीतली एक पिशवी खांद्यावर घेतली आणि गराजमधून तशीच तळघरात नेली. विलासच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, मला जाताना पाहिलं. टाकीचं झाकण काढून मी मीठ ओतलं, रिकाम्या पिशवीची घडी केली आणि मग वर विलासच्या खोलीत गेलो. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. त्या दिवशी मी आधी खाली का गेलो, हे मला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही...

विलास टिपणीसची आणि माझी ओळखच मुळी पाण्यामुळे झाली. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला दोनशे पानांचं जेवण होतं आणि स्वयंपाक गावाबाहेरच्या एका हॉलमध्ये चालला होता. दोन तास झाले तरी वरणाची डाळ शिजेना. जुनी डाळ आणली म्हणून बायका मला बोल लावत होत्या, कारण किराणा मी आणला होता. तेवढ्यात एक उंच, सडपातळ माणूस आत आला. त्यानं नळाचं पाणी ओंजळीत घेऊन एक घोट घेतला, क्षणभर तोंडात धरला आणि म्हणाला, "डाळीला काहून बोलता? पाणी जड आहे. यात उद्यापर्यंत शिजणार नाही." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही राहता कुठे?" मी नेपरव्हिलमध्ये म्हटल्यावर म्हणाला, "मग तुमच्या नळाला तळ्याचं पाणी येतं. चला, कॅन घ्या." माझ्या घरून आम्ही सहा कॅन पाणी भरून आणलं, नवी डाळ लावली, आणि अर्ध्या तासात वरण झालं. परत येताना गाडीत त्यानं सांगितलं की तो अकोल्याकडच्या खारपाण पट्ट्यातला. त्याच्या गावच्या विहिरींना तोंडात धरवत नाही असं पाणी. त्याची आई डाळीपुरतं गोडं पाणी दोन मैलांवरून आणायची. "आमच्याकडे लहान पोरालाही चवीवरून विहीर सांगता येते," तो म्हणाला. फुशारकी नव्हती त्यात, नुसती माहिती होती.

तो केमिकल इंजिनिअर. नागपुरात शिकला, इकडे एका कारखान्यात लागला, आणि पुढे तो कारखाना बंद पडल्यावर काही महिने घरी बसून, एका हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागात पाणी सांभाळायच्या कामावर रुजू झाला. मित्रांपैकी काहींना ते काम त्याच्या शिक्षणाच्या मानानं हलकं वाटलं. त्याला तसं कधी वाटलं नाही. डायलिसिसच्या एका बैठकीत पेशंटच्या रक्ताशी शंभरेक लिटर पाण्याचा संबंध येतो, मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो, हे मला त्यानं समजावलं. शहराच्या पाण्यात जंतू मारायला जे क्लोरीनसारखं औषध घालतात ते आपण पितो तेव्हा काही होत नाही, पण ते रक्तात उतरलं तर रक्तपेशी फुटतात. म्हणून रोज सकाळी पहिला पेशंट खुर्चीत बसण्याआधी विलास पाणी तपासून सही करायचा. चोवीस वर्षं हे काम केलं त्यानं. बर्फाच्या वादळात आदल्या संध्याकाळीच जाऊन तिथेच मुक्काम करायचा, कारण सकाळी रस्ते बंद झाले आणि पाणी तपासलं गेलं नाही तर मशीन सुरू करता येत नसत.

बिअरचा नाद त्याला पन्नाशीनंतर लागला, तोही शेजारच्या टॉममुळे. टॉमनं त्याला वाढदिवसाला घरी बिअर बनवायचं सामान भेट दिलं. मोड आणून वाळवलेले सातूचे दाणे, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजत ठेवायचं, त्यातला गोडवा पाण्यात उतरू द्यायचा, ते पाणी हॉप्सच्या कडू फुलांबरोबर उकळायचं, निवलं की त्यात यीस्ट घालायचं आणि दोन-तीन आठवडे वाट पाहायची. विलासनं सोबतच्या कागदात सांगितलं होतं तसं सगळं केलं. पहिल्या बिअरचा घोट टॉमनं घेतला आणि शेजारधर्म म्हणून गिळला. दुसरा घेतला नाही. फिकी, किंचित खारट आणि घशाशी खरखरीत लागत होती म्हणे. दुसऱ्या कुणी हे सामान गराजच्या फळीवर टाकून दिलं असतं. विलासला मात्र लाज वाटली. रोज पाण्याचंच काम करणारा माणूस, आणि चूक पाण्याची होती. त्याचं घर गावाच्या हद्दीबाहेर, मक्याच्या शेतांना लागून, तिथे नगरपालिकेचं पाणी नाही. अंगणातल्या बोअरचं पाणी भयंकर जड, म्हणून घरात येताच ते सॉफ्टनरमधून जायचं. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम काढून घेतो आणि त्या बदल्यात मिठातलं सोडियम देतो. अंघोळीला, कपड्यांना, भांड्यांना ते चांगलं. पण माल्टला आणि यीस्टला हवं असतं नेमकं ते कॅल्शियमच, आणि पाण्यातला जो क्षार बिअर बिघडवतो तो सॉफ्टनर काढतच नाही. "म्हणजे चांगलं होतं ते आपण काढलं आणि वाईट होतं ते ठेवलं," तो मला म्हणाला. पुढच्याच शनिवारी त्यानं सॉफ्टनरच्या अलीकडून एक पाइप काढून गराजमध्ये वेगळा नळ बसवला. तो कच्च्या पाण्याचा नळ.

त्या नळानं मला त्याच्या गराजमध्ये आणलं. पाच-सहा गॅलन उकळतं पाणी भरलेलं पातेलं शेगडीवरून उतरवायला दोन माणसं लागतात, आणि टॉमची पाठ दुखायची. विलासनं फोन केला तेव्हा मी स्पष्ट सांगितलं की मी दारूला शिवत नाही. माझे वडील इचलकरंजीत नोकरीला होते आणि प्यायचे. ते काय आणि किती प्यायचे, घरात त्याचं काय व्हायचं, हे मी इथे लिहीत बसत नाही. विलासलाही तेवढंच सांगितलं होतं. तो म्हणाला, "तू पिऊ नको ना. नुसतं धर." आणि मी धरायला गेलो. पुढची सतरा वर्षं, महिन्यातून एकदा तरी, जात राहिलो.

खरं सांगायचं तर मला त्यातलं पाण्याचं काम आवडायला लागलं. बोअरचं कच्चं पाणी तसंच घेतलं तर काळी बिअर उत्तम होते, कारण काळपट भाजलेल्या माल्टचा आंबटपणा पाण्यातल्या क्षाराला पुरून उरतो. पण फिकट, सोनेरी बिअर करायची तर ते पाणी चालत नाही. मग विलास आदल्या दिवशी ते उकळायचा. उकळलं की जडपणाचा मोठा भाग पांढरी भुकटी होऊन खाली बसतो. पातेलं झाकून ठेवायचं, हलवायचं नाही, आणि मग वरचं नितळ पाणी नळीनं हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओढून घ्यायचं. तळाचा दोन बोटं थर सोडून द्यायचा. उकळताना थोडं कॅल्शियमही गेलेलं असतं, म्हणून वरून जिप्समची चिमूट, आणखी एका क्षाराची चिमूट, दोन थेंब आम्ल... हे सगळं तो सोनाराच्या काट्यासारख्या एका छोट्या वजनकाट्यावर तोलायचा आणि वहीत मराठीत लिहून ठेवायचा. नळी धरायचं काम माझं. ती तळाला टेकू द्यायची नाही, एवढंच. पण पाऊण तास हात स्थिर ठेवायचा तर माणूस बोलायला लागतो. माझ्या वडिलांबद्दल मी आयुष्यात जे काही कुणाशी बोललो ते त्या गराजमध्ये, पातेल्याकडे बघत, विलासशी बोललो. तो सल्ला देत नसे. कधी मी फारच वेळ गप्प राहिलो तर म्हणायचा, "नळी वर घे जरा."

आमचं एकदा मोठं बिनसलंही. माझा मुलगा निखिल एकवीस वर्षांचा, म्हणजे इकडच्या कायद्यानं प्यायच्या वयाचा झाला, त्या आठवड्यात विलासनं त्याला आपल्या हातची एक बाटली दिली. प्रेमानंच दिली. निखिलनं ती आमच्या फ्रिजमध्ये ठेवली, आणि सकाळी दूध काढताना मला ती दिसली. मी विलासला फोन करून जे बोललो ते आठवलं की आजही मान खाली जाते. "तुला सगळं माहीत असून तू हे केलंस," हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. पाच महिने आम्ही बोललो नाही. मंडळात समोर आला तर मी खुर्ची बदलायचो. मग जानेवारीतल्या एका दुपारी दाराची बेल वाजली. बाहेर विलास, टोपीवर बर्फ साचलेला. आत ये म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, "शरद, मी तुला विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. चुकलो." एवढं बोलून तो वळला आणि गाडीकडे निघाला. मी चपला न घालता मोज्यांवरच बर्फात त्याच्यामागे गेलो... त्या शनिवारी मी पुन्हा पातेलं धरायला हजर होतो.

मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत हे त्याला डॉक्टरांच्या आधी कळलं असावं. साखर आणि ब्लडप्रेशर दोन्ही जुने. निवृत्तीनंतर चार वर्षांनी त्याला डायलिसिसवर जावं लागलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, प्रत्येक वेळी चार तास. सुनंदावहिनी बर्फात गाडी चालवत नाहीत, म्हणून ने-आण मी करायचो. पहिल्या दिवशी खुर्चीत बसण्याआधी त्यानं तिथल्या तरुण टेक्निशियनला विचारलं, "आज पाण्याचं क्लोरीन तपासलं का?" त्या मुलीनं चकित होऊन त्याच्याकडे पाहिलं आणि नोंदवही आणून दाखवली. विलासनं चष्मा लावून सही वाचली, मान हलवली आणि मग हात पुढे केला. त्यानंतर प्रत्येक वेळी ती स्वतःहून वही घेऊन यायची. तो नेहमी वाचायचा.

डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून मिळतं. विलासला दिवसाला एक लिटर. त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्यांबरोबरचे घोट आले, बर्फाचा खडासुद्धा आला. सुनंदावहिनी सकाळी एका काचेच्या मापानं पाणी मोजून जगमध्ये भरून ठेवायच्या आणि काही द्यायचं झालं की त्यातूनच द्यायच्या. इतकी वर्षं साधं माप होतं ते, ढोकळ्याच्या पिठाचं. आता त्याच्यावर घराची नजर असायची. बिअर तर सुटलीच होती. मला वाटलं, गराजही सुटेल. पण तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला, "शनिवारी येतोस का? पाणी उकळून ठेवतो." मी म्हटलं, "कुणासाठी करायची आता? टॉम ॲरिझोनाला गेला, वहिनींना कडू चालत नाही, तुला मना आहे." तो म्हणाला, "मला कुठे प्यायची आहे? मला करायची आहे." मग आम्ही दोघं, एक न पिणारा आणि एकाला मनाई, बिअर करत बसायचो. बाटल्या मंडळातली तरुण मुलं घेऊन जायची.

अडचण निराळीच निघाली. आजारानं त्याची चव गेली. दोन थेंब जिभेवर ठेवून बघायचा आणि तोंड वाकडं करायचा. "सगळंच पत्र्यासारखं लागतंय. वरणपण पत्र्यासारखं." चवीवरून विहीर सांगणारा माणूस हे बोलत होता. त्या हिवाळ्यातल्या एका बिअरबद्दल त्याला शंका होती, काहीतरी बिघडलंय असं वासावरून वाटत होतं, पण काय ते कळत नव्हतं. त्यानं एका लहान ग्लासात दोन बोटं बिअर ओतली आणि माझ्यासमोरच्या फळीवर ठेवली. मग म्हणाला, "मी सांगत नाही. विचारतोय. या वेळी विचारतोय. नाही म्हणालास तरी चालेल. थुंकून टाक हवं तर."

मी ग्लास उचलला. वास नाकात गेला आणि मी ग्लास तोंडापासून लांब धरला. विलासनं मान दुसरीकडे वळवली. मी एक घोट घेतला. एकाहत्तराव्या वर्षी, पहिला.

"आधी काय लागलं?" त्यानं तिकडे बघतच विचारलं.

"कडू."

"कारल्याएवढं?"

"नाही. मेथीएवढं."

"आणि मग?"

"मग... जीभ ओढली जाते. कच्चं केळं खाल्ल्यावर होतं तसं."

तो वळला. चेहरा खुलला होता. "कच्चं केळं! म्हणजे क्षार राहिला पाण्यात, त्यानं सातूच्या सालींतला तुरटपणा ओढला. आपण नीट निवळू दिलं नाही. तुला त्या दिवशी पाच वाजता डेंटिस्टकडे जायचं होतं, आठवतं?" आणि तो वहीत लिहू लागला. मी उरलेली बिअर मोरीत ओतली आणि ग्लास धुतला. घरी बायकोला लगेच सांगितलं नाही, काही दिवसांनी सांगितलं. पुढच्या खेपेला पाणी पूर्ण दिवसभर निवळू दिलं. तीन आठवड्यांनी पुन्हा दोन बोटं, पुन्हा एक घोट. "मऊ आहे," मी म्हणालो. "कडू येतं आणि निघून जातं. शेवटी भाजलेल्या भाकरीचा वास राहतो." विलास डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, "परत सांग." मी परत सांगितलं. तसे एकूण सात-आठ घोट मी घेतले असतील, दीड वर्षात. मला बिअर आवडली का, असं कुणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. मी चव घेत होतो ती त्याला सांगण्यासाठी, आणि सांगायला लागलं की त्या वासातले माझे वडील थोडा वेळ बाजूला व्हायचे, एवढं खरं.

गेल्या हिवाळ्यात त्याची तब्येत उतरत गेली. मशीनवर असताना ब्लडप्रेशर एकदम खाली यायचं, पाय आखडायचे, शुद्ध हरपायची. हातात रक्तासाठी केलेला मार्ग दोनदा बंद पडला. डॉक्टरांनी तिसरं ऑपरेशन सुचवलं. परत येताना गाडीत विलास म्हणाला, "शरद, मी थांबवणार आहे."

"काय?"

"मशीन."

मी गाडी एका बंद दुकानासमोर उभी केली. मला जे जे सुचलं ते बोललो. ऑपरेशन किरकोळ आहे, रेवाचा विचार कर, वहिनींचा कर. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चोवीस वर्षं मी ती माणसं बघितली रे. कुणाला त्यातून दिवस मिळतात आणि कुणाचे नुसते दिवस जातात, ते मला दिसायचं. मला तीन वर्षं मिळाली. चांगली मिळाली." थोड्या वेळानं म्हणाला, "सुनंदाशी बोललोय. रेवाला आज सांगतो. तू फक्त भांडू नकोस." मी भांडलो नाही. पण गाडी सुरू करायला मला वेळ लागला.

रेवा नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीहून दुसऱ्याच दिवशी आली. ती शाळेत विज्ञान शिकवते. इकडेच जन्मली, मराठी समजते सगळं, बोलताना अडखळते. मला वाटत होतं ती तरी त्याचं मन वळवेल. स्वयंपाकघरात मी तसं सुचवलंही. ती म्हणाली, "आय ट्राइड, काका. फोनवर, ऑल नाइट. इट्स हिज डिसिजन." आणि मग लहान मुलीसारखी माझ्या खांद्याला डोकं लावून रडली.

घरी शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणारी नर्स येऊ लागली. पहिल्या दिवशी तिनं सगळं समजावून सांगितलं. किती दिवस, काय होईल, कुठली औषधं. शेवटी म्हणाली, आता खाण्यापिण्याचं बंधन ठेवायची गरज नाही, जे सोसेल ते घेऊ द्या. ती गेल्यावर खोलीत आम्ही चौघं. विलास उशीला टेकून बसला होता. म्हणाला, "मग एक ग्लास पाणी द्या." वहिनी उठल्या, सवयीनं पाण्याच्या जगजवळ गेल्या, माप हातात घेतलं... आणि तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी माप खाली ठेवलं. तो म्हणाला, "शरद, तू आण. गराजमधलं. थंड होईपर्यंत वाहू दे."

मी कपाटातला सगळ्यात मोठा स्टीलचा ग्लास घेतला. नळ सोडून उभा राहिलो. फेब्रुवारीतलं बोअरचं पाणी, बोटं बधिर होईपर्यंत वाहू दिलं आणि काठोकाठ भरून नेलं. त्यानं ग्लास दोन्ही हातांनी धरला. रेवानं खालून आधार दिला. तीन वर्षांत त्यानं एका वेळी ग्लासभर पाणी प्यायलं नव्हतं. तो सलग प्यायला, मग दम लागला म्हणून थांबला, मग पुन्हा. हनुवटीवरून थोडं सांडलं, ते कुणी पुसलं नाही. अर्ध्याहून जास्त संपल्यावर त्यानं ग्लास रेवाकडे दिला.

"चव आली का?" वहिनींनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "पण गार आहे." आणि थोड्या वेळानं, "किती गार आहे..."

त्यानंतर तो नऊ दिवस होता. पहिले चार-पाच दिवस बोलत होता. पुढे झोप वाढत गेली. श्वासाचा त्रास होईल अशी आम्हाला धास्ती होती, औषधांनी तो फारसा झाला नाही. शेवटच्या दिवशी मी अकरा वाजता येतो असं सांगून मीठ आणायला गेलो होतो. पावणेअकराला रेवाचा फोन आला. मी त्या वेळी तिथे नव्हतो, ही बोच राहणार. सुनंदावहिनी म्हणतात, तुम्ही होतात ते पुष्कळ होतं. ते त्यांचं मोठेपण.

विलासचे दिवस झाल्यावर रेवा वहिनींना कॅरीला घेऊन गेली. घर अजून आहे, उन्हाळ्यात विकायचं ठरतंय. रेवानं जाताना फक्त वजनकाटा, वही आणि ते मोठं पातेलं गाडीत टाकलं. मी विचारलं नाही कशाला. गेल्या रविवारी सकाळी तिचा फोन आला. म्हणाली, "काका, मी बाबांची बिअर ट्राय करतेय. वही आईनं वाचून दाखवली. पण नंबर्स डोन्ट मेक सेन्स." तिनं तिथल्या गावच्या पाण्याचा अहवाल काढला होता, तो वाचून दाखवला. मी पेन्सिल घेऊन बसलो. कॅरीचं पाणी धरणाचं, हलकं. वहीतली पहिली पायरीच, उकळून निवळवायची, तिला लागणार नव्हती, कारण काढून टाकण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतंच. विलास आयुष्यभर ज्याच्याशी झगडला ते तिला उलट चिमटीनं वरून घालायचं होतं. आणि एक गोष्ट वहीत कुठेच नव्हती. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, म्हणून त्यानं ती लिहिली नव्हती. गावच्या पाण्यात जंतूंसाठी घातलेलं औषध असतं, ते मोडायला आधी अर्धी गोळी विरघळवायची. बिअरचं सामान विकणाऱ्या दुकानात मागितली की मिळते. हे मला कसं माहीत, रेवानं विचारलं. मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी गाडीत सांगितलं होतं. बाबा गाडीत हेच बोलायचे."

मागून वहिनींचा आवाज आला, "एवढी पिणार कोण आहे?"

"आय डोन्ट नो, आई," रेवा म्हणाली. मग मला म्हणाली, "गोळी आहे माझ्याकडे, सामानाबरोबर आलीय. आता पाणी घेऊ?"

"घे."

तिनं फोन ओट्यावर ठेवला असावा. नळ सोडल्याचा आवाज आला, आधी रिकाम्या पातेल्यात पडणारा पोकळ, मग हळूहळू भरीव होत जाणारा. मी फोन कानाशी धरून ऐकत राहिलो. बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र चालू होतं, मी खिडकी लावून घेतली.

"काका, आर यू देअर? वेळ लागेल थोडा. मोठं आहे पातेलं."

"भरू दे," मी म्हणालो. "मी आहे."